कुंकू लावलेला लिफाफा

तुम्ही पहिलेच. नवऱ्याला हे ठाऊक नाही, नागपूरच्या बहिणीला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. चार वर्षं ही गोष्ट माझ्या स्वयंपाकघरातल्या एका खणात पडून आहे, निरांजनाच्या वातींखाली. आता बोलायला बसलेच आहे तर आधी एक सांगून ठेवते — मी रडणार नाहीये. तुमच्याकडे रुमाल असेल तर राहू द्या तो पर्समध्ये.

आणि दुसरं. मी बंदुकीच्या बाजूनं मत दिलेलं आहे. हो, मीच. मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळींत गणपतीला दोनशे माणसांचा मसालेभात करणारी, सगळ्यांच्या मुलांना श्लोक शिकवणारी ती बाई. दचकलात? दचका. हा माझा गुन्हा नाही. गुन्हा वेगळा आहे, आणि तो सांगायचा तर हे आधी सांगावंच लागेल, नाहीतर तुम्ही भलत्याच गोष्टीची शिक्षा मला द्याल.

आम्ही इथे इंग्लंडमध्ये आलो ते अमेरिकेतून. मिलिंदच्या — म्हणजे माझ्या नवऱ्याच्या — कंपनीनं त्याला पाठवलं, दोन वर्षांसाठी म्हणून. दोनाची बारा झाली. त्याआधी आम्ही तिकडच्या एका मधल्या राज्यात होतो, मक्याच्या शेतांनी भरलेल्या. मुक्ता तिथेच जन्मली, आम्हीही तिथलेच नागरिक झालो. तिथलं घर अजून आहे, भाड्यानं दिलेलं. त्यामुळे दर निवडणुकीला तिथली मतपत्रिका टपालानं इथे येते. फॉर्मवर एक चौकोन असतो, परत येण्याचा विचार आहे का? आम्ही दर वेळी 'आहे' वर खूण करतो. परदेशातला कोणता मराठी माणूस त्या चौकोनात 'नाही' म्हणेल?

तर चार वर्षांपूर्वी त्या मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला एक प्रश्न होता. उमेदवारांची नावं पुढे, प्रश्न मागे. शस्त्र बाळगण्याचा हक्क हा मूलभूत हक्क आहे, असं राज्याच्या घटनेत लिहायचं का? हो की नाही, एक गोल काळा करायचा. इथल्या लोकांना हे सांगितलं की ते हसतात. इथे पोलिसाच्या कमरेलाही बंदूक नसते, आणि तिकडे लोकांना घटनेत लिहून हवी?

मी हसत नाही. का, ते सांगते.

मुक्ता दीड वर्षाची होती तेव्हा मिलिंद सोमवारी जायचा तो गुरुवारी यायचा. आमचं घर गावाच्या टोकाला. शेजारी म्हणजे लोरेन नावाची एक सत्तरीची शेतकरीण, तीही शेत ओलांडल्यावर. तिनंच मला शिकवलं. शेताच्या बांधावर रिकामे डबे मांडले, माझ्या हातात तिचं पिस्तूल दिलं आणि म्हणाली, श्वास सोडताना दाब. मग गावातल्या दुकानातून मी माझं स्वतःचं घेतलं. मिलिंदला सांगितलं नाही. तो बंदूक म्हटलं की भाषणच सुरू करतो. मी ते साबुदाण्याच्या डब्यात ठेवलं, वरच्या फळीवर. त्या फळीला मिलिंदनं आजतागायत हात लावलेला नाही — या घरातल्याही नाही आणि त्या घरातल्याही.

एका दुपारी एक माणूस दारात आला. पाणी मागितलं. मी काचेतूनच नाही म्हटलं. तो गेला नाही. घराला वळसा घालून मागच्या दाराशी आला आणि मूठ फिरवून बघू लागला. मी पोलिसांना फोन लावला. बाई म्हणाली, गाडी निघाली आहे, पण लांब आहे, तुम्ही आत थांबा. आतच होते की! आणखी किती आत जाणार होते? मुक्ता कडेवर होती. मी डबा काढला. साबुदाणा सगळ्या ओट्यावर सांडला. एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात ते पिस्तूल घेऊन मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिले. त्यानं काचेतून आत पाहिलं. दोन्ही हात वर केले, आणि तसाच मागे मागे चालत गेला. गोळी सुटली नाही. सोडावी लागली नाही. पोलीस आले तोवर मी साबुदाणा झाडून घेतला होता आणि मुक्ताला वरणभात भरवत होते.

आता सांगा. इथे मला बंदूक लागत नाही. मी इथे रेडवेवरून, म्हणजे गावभर पसरलेल्या त्या लाल पायवाटांवरून, सायंकाळी एकटी फिरायला जाते, कुणी वळूनही बघत नाही, आणि मला हे फार आवडतं. पण म्हणून तिथल्या टोकाच्या घरात मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईला ती लागत नाही, असं मी मिल्टन कीन्समध्ये चहा पिता पिता कसं ठरवू? नाही ठरवलं. मी 'हो' चा गोल काळा केला. बेडरूमचं दार लोटून घेऊन केला, हे मात्र खरं. आणि बाहेर येऊन मिलिंदला सांगितलं की मी 'नाही' म्हटलंय.

अजून एक सांगायचं राहिलं. मुक्ता पाच वर्षांची असताना मी एकदा कपडे वाळत घालून आत आले तर तिनं स्टूल त्या फळीखाली ओढलेलं होतं. वर उभी होती, हात गुळाच्या डब्यापर्यंत पोचलेला. गुळाच्या शेजारचा डबा कुठला, ते तुम्हांला कळलं. दुसऱ्या दिवशी मी कुलपाची पेटी आणली. हे मी तुम्हांला सांगायलाच हवं होतं असं नाही. पण माझी बाजू तेवढी सांगायची आणि हे गाळायचं, असं करायचं असतं तर मी गप्पच बसले असते. मला तसं जमतं चांगलं.

इंग्लंडला निघताना पिस्तूल लोरेनला देऊन टाकलं. डबा आणला. अजून त्यात साबुदाणाच असतो.

आता मुक्ता.

मुक्ताचं सगळं याच्या उलट. तिच्या आठवणीत ती दुपार नाही, ती दीड वर्षाची होती. तिच्या आठवणीत शाळा आहे. दुसरीत असताना त्यांच्याकडून सराव करून घ्यायचे, कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर काय करायचं याचा. दिवे बंद, दार बंद, सगळी मुलं टेबलाखाली, तोंडावर हात. पहिल्या सरावाला तिनं फ्रॉक ओला केला. कित्येक दिवस कुणी दार जोरात लावलं की ती टेबलाखाली शिरायची. मी तिला टेबलाखालून बाहेर काढायची आणि मांडीवर घ्यायची — आणि त्याच स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, पेटीत, ते होतं. दोन्ही खरं आहे. मी काय करू?

अठरा पूर्ण झाली तेव्हा ती ग्लासगोला शिकायला गेलेली होती. ऑक्टोबरात आठवडाभर घरी आली, तेव्हा तिची मतपत्रिका येऊन पडलेली होती. पहिलंच मत. तिनं काय काय वाचलं होतं त्या प्रश्नावर! डायनिंग टेबलावर बसून तिनं काळ्या पेननं 'नाही' चा गोल असा भरला की कागद फाटतो की काय वाटलं. मिलिंदनं फोटो काढला. मी शेंगदाण्याचं कूट करत होते. आणि ती मान वर करून म्हणाली —

"आई, ज्या घरात गन असते ना, तिथला लोक सिक असतात. ऑनेस्टली. माझे पेरेंट्स असे असते तर मी त्या घरात एक दिवस पण राहिली नसती."

मिलिंद म्हणाला, "करेक्ट!" मी मिक्सर लावला.

राग आला. दुसरा शब्द नाही. दुःख झालं, अपमान वाटला असं काही सभ्य म्हणता येईल, पण आला तो रागच. ज्या घरात एक दिवस राहणार नव्हतीस त्या घरात तू नऊ वर्षं राहिलीस, बाळा. त्या घरात कडेवर होतीस माझ्या. तेव्हाच बोलायला हवं होतं, हो ना? मिक्सर बंद करून, खुर्ची ओढून, बस म्हणावं, तुला एक गोष्ट सांगते. तिनं आरडाओरडा केला असता, मिलिंदनं तर विचारूच नका. पण ते भांडण सरळ झालं असतं. मी केलं नाही. बंदूक हातात धरून अनोळखी माणसासमोर उभी राहिलेली बाई स्वतःच्या लेकीसमोर उभी राहिली नाही.

तिनं मतपत्रिका आतल्या लिफाफ्यात घातली, बाहेरच्यावर सही केली, चिकटवलं, आणि माझ्या हातात दिलं. आमच्या घरात टपालाचं खातं माझ्याकडे. "देवापुढे ठेवून मग पोस्ट कर, आई," असंही म्हणाली. ते तिला माझ्याकडूनच लागलेलं. आमच्याकडे प्रत्येक पहिली गोष्ट देवापुढे ठेवून, कुंकवाचं बोट लावून मगच बाहेर पडते. तिचा पहिला पासपोर्ट, युनिव्हर्सिटीचं पत्र, मिलिंदच्या नव्या गाडीची किल्ली. पासपोर्टच्या कव्हरवर अजून लाल डाग आहे. विमानतळावरचा माणूस बोटानं चोळून बघतो.

तर आता इथे मी तुम्हांला जी हकीकत सांगायची ठरवून ठेवली होती, ती अशी. आईनं भोळेपणानं लिफाफ्याला कुंकू लावलं. मग तिच्या लक्षात आलं की सूचनांच्या कागदावर लिहिलंय, कुठेही जास्तीच्या खुणा करू नका. आई घाबरली. मत बाद होईल, पोरगी चिडेल, म्हणून तिनं लिफाफा खणात टाकला आणि गप्प बसली. वेंधळी आई, देवभोळी आई. कोण रागावणार तिच्यावर? तुम्हीही हसून सोडून दिलं असतं. अशा आया आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत.

ही हकीकत खोटी आहे. म्हणजे लिफाफ्यावर कुंकू आहे, सूचना पण आहे, जरी ती आतल्या कागदाबद्दल आहे, लिफाफ्याबद्दल नाही, आणि मला ते तेव्हाही नीट वाचता येत होतं. पण कुंकू त्या दिवशी लागलं नाही.

त्या दिवशी मी लिफाफा देवापुढे ठेवला, कोरा. मुक्ताला स्टेशनवर सोडून आले. माझा आधीच गेला होता. मिलिंदचा लिफाफा होता, तोही 'नाही'च, आणि मुक्ताचा होता. दोन्ही घेऊन गाडीनं पोस्टात निघाले. तीन गोलचौक ओलांडले. चौथ्यावर एक पूर्ण फेरी जास्त मारली, मागचा गाडीवाला भोंगा वाजवत राहिला. आत जाऊन मिलिंदचा लिफाफा दिला. मुक्ताचा पर्समध्ये राहिला. राहिला नाही — ठेवला. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, आणखी काही? मी म्हटलं, नाही. परत आले आणि तो देव्हाऱ्याखालच्या खणात टाकला.

मिलिंदचा का दिला मग? त्याचं मत हे मत होतं. वर्तमानपत्र वाचून झालेलं, दर वेळचं. मुक्ताचं मत माझ्याविरुद्ध होतं. तिला माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं. मला वाटलं, माझ्या कडेवर बसून वाचलेली मुलगी मला डोक्यानं आजारी म्हणते आणि ते मी स्वतःच्या हातानं पोस्टात टाकू? असं वाटलं. वाटलं ते सांगते आहे, बरोबर होतं म्हणत नाही.

दिवस होते अजून. मी मोजले होते, दुसऱ्या दिवशी टाकला असता तरी पोचला असता. त्यानंतरच्या दिवशीही. रोज सकाळी पूजा करताना त्या खणातून वाती काढायची आणि खण लावून टाकायची.

मग ग्लासगोहून फोन आला. तिकडे संगणकावर बघता येतं, आपली मतपत्रिका पोचली की नाही ते.

"आई, माझी मत पोचलीच नाही म्हणतात ते! तू पोस्ट केलीस ना?"

"केलं गं," मी म्हटलं. "त्याच दिवशी केलं. टपालातच कुठेतरी अडकलं असेल."

फोन ठेवला, आणि त्यानंतर मी खण उघडला. करंड्यात बोट बुडवलं आणि लिफाफ्यावर लावलं, पत्त्याच्या अगदी शेजारी. म्हणजे उद्या कुणाला सापडलाच तर वेंधळी, देवभोळी आई तयार असावी. ते बोट हललं नाही हो. व्यवस्थित, गोल लागलं. पासपोर्टवरच्यापेक्षा सुबक आहे.

ती घटनादुरुस्ती मंजूर झाली, चांगल्या फरकानं. मुक्ताच्या एका मतानं काहीही बदललं नसतं. मंडळींच्या जेवणात त्यावर चर्चा झाली, सगळे तिकडच्या लोकांना वेडं म्हणाले, मी मान डोलावली आणि ताक वाढलं. मनातून मला निकाल आवडला होता. आजही त्या निकालाबद्दल मला पश्चात्ताप नाही. पुन्हा विचारलं तर पुन्हा 'हो' चाच गोल काळा करीन, आणि या वेळी दार उघडं ठेवून करीन.

पण मुक्ता गप्प बसणारी नव्हती. ती माझीच मुलगी. तिनं तिकडच्या निवडणूक कचेरीला पत्र लिहिलं. तिथल्या एका वयस्कर बाईंनी तिला उलट फोन केला. त्यांनी टपालाचे सगळे ट्रे पुन्हा तपासले, म्हणाल्या. माफी मागितली. "आई, ती बिचारी रडायला आला होता," मुक्ता मला सांगत होती. मक्याच्या शेतांतल्या त्या गावात एक म्हातारी बाई माझ्या खणातला लिफाफा तिच्या ट्रेमध्ये शोधत होती, आणि इकडे मी फोन कानाला लावून अरेरे म्हणत होते.

त्यानंतर मुक्तानं मत दिलेलं नाही. दोन वर्षांनी पुढची मतपत्रिका आली, तिनं उघडलीही नाही. स्कॉटलंडमध्ये तिच्यासारख्या परदेशी नागरिकांनाही तिथल्या निवडणुकीत मत देता येतं. तिच्या सोबत राहणाऱ्या मुली गेल्या, ही गेली नाही. परवा या वर्षीची मतपत्रिका आली. मिलिंदनं तिला फोन केला, पाठवू का म्हणून. स्पीकरवर होता. ती म्हणाली, "बाबा, फाडून टाका. दे डोन्ट काउंट इट. एकदा मी ट्राय केलं ना?"

मिलिंद मला म्हणाला, आजकालच्या पोरांना कशाचं काही नसतं. टेबलाखालून निघालेली ती मुलगी अठराव्या वर्षी स्वतःच्या भीतीला उत्तर द्यायला उठली होती, पेननं कागद फाटेल इतक्या जोरात. मी तिला परत टेबलाखाली ढकललं. बंदुकीनं नाही. एका खणानं.

तेव्हा त्या मंजूर झालेल्या घटनादुरुस्तीवरून मला कुणी बोल लावू नये, मी ऐकून घेणार नाही. त्या दुपारीबद्दलही नाही. पण हे माझं आहे. हे कुणाला शिकवायला, कुणाचे डोळे उघडायला मी केलं नाही. मी रागानं माझ्या मुलीचं मत चोरलं, आणि चोरी सापडलीच तर नेसायला भोळेपणा इस्त्री करून ठेवला.

शनिवारी ती येते आहे. मिलिंद तिला आणायला स्टेशनवर जाईल आणि त्याच्याबरोबर मी जाणार नाही, घरीच थांबेन. लिफाफा खणातून काढून डायनिंग टेबलावर ठेवेन, कुंकू लागलेली बाजू वर करून. शेजारी साबुदाण्याचा डबा. ती डब्याबद्दल विचारेल, मग ती दुपार सांगेन, स्टूलही सांगेन. मग ती लिफाफा उचलेल. तिच्या हस्ताक्षरातली सही बघेल, लाल डाग बघेल, आणि मला माहीत आहे तिचा चेहरा कसा होईल. मऊ होईल. म्हणेल, आई, तू पण ना! कुंकू लावून बसलीस? आणि ते तिथेच मिटेल, मी फक्त गप्प राहायचा अवकाश.

मी तिला सांगणार आहे, कुंकू नंतर लावलं.